खोक्यावरचे पंधरा घोडे

इंजिनाच्या पार्टच्या खोक्यावर "१५ हॉर्सपॉवर वाढणार" असं छापलेलं असतं ना, ते वाचलं की मला आमच्याच धंद्यातल्या ब्रोशरची आठवण होते. "परफॉर्मन्स ४० टक्के वाढेल!" कशाच्या तुलनेत? कुठल्या मशीनवर? किती लोडला? ते खाली बारीक अक्षरातसुद्धा नसतं. तरीही लोक घेतात, कारण घेणाऱ्याला काहीतरी घ्यायचंच असतं.

या खेपेला घेणारा होता माझा धाकटा चुलत भाऊ. तुमसरला त्याची तांदळाची मिल आहे. दिवसभर धान, कोंडा, हमाल आणि बँक. या सगळ्यात त्याने स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट केली. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस घेतली. २०१७ चं मॉडेल, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० हॉर्सपॉवर, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. भंडारा जिल्ह्यात अशी गाडी चालवायला रस्ता कुठे आहे, हा प्रश्न त्याला सगळ्यांनी विचारून झालाय. मी विचारला नाही. पुण्यात तरी कुठे आहे?

तर आता त्याला २३० चे ३०० करायचे होते. एका दुकानदाराने त्याला यादी पाठवली आणि त्याने ती मला पाठवली. उघडा कोन फिल्टर, पाइपसकट: ३८,०००. मोठी थ्रॉटल बॉडी: ३४,०००. टर्बोच्या तोंडाचा मोठा पाइप: ३५,०००. चार "हाय आउटपुट" कॉइल: २६,०००. इरिडियम प्लग: ९,०००. एकूण १ लाख ४२ हजार. खाली मेसेज: "दादा, पाहून सांग. घेऊन टाकू का?"

यात एक मेख होती. हे पैसे मोकळे नव्हते. मिलमध्ये सॉर्टेक्स बसवायचं चाललं होतं, म्हणजे कॅमेऱ्याने काळा दाणा हेरून हवेच्या फुंकरीने बाजूला उडवणारं मशीन. त्याच्या पहिल्या हप्त्यासाठी काढून ठेवलेल्या रकमेतून ही "फक्त दीड लाखाची" खरेदी होणार होती. आणि इंजिनाचं काही बिघडलं, तर ते खोलू शकेल असं खात्रीचं हात नागपूरच्या अलीकडे नाहीत. म्हणजे प्रश्न हौसेचा असला तरी उत्तर हौसेने देऊन चालणार नव्हतं.

मी त्याला लिहिलं, शनिवारी येतोय, तोवर काही घेऊ नकोस.

आमच्याकडे एखादा रिपोर्ट हळू चालायला लागला की पहिली मागणी येते नवीन सर्व्हरची. शहाणा माणूस आधी प्रोफायलर लावतो. वेळ नेमका कुठे जातोय ते बघतो. बहुतेक वेळा एक गचाळ क्वेरी सापडते आणि सर्व्हर तसाच राहतो. इंजिनाचं अगदी हेच आहे. ज्या पार्टमुळे काही अडलेलंच नाही तो बदलून काहीही वाढत नाही, मग तो कितीही चकचकीत असो. म्हणून पार्ट निवडण्याआधी अडलंय कुठे ते मोजायचं. या पोस्टमध्ये सांगण्यासारखं एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

आधी थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

इंजिन म्हणजे हवेचा पंप. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, अडतं ते हवेशी. ढोबळ हिशेब असा की पेट्रोल इंजिनाला १० हॉर्सपॉवरसाठी मिनिटाला साधारण अर्धा किलो हवा लागते, थोडी कमीच. म्हणजे ३०० साठी मिनिटाला १३-१४ किलो. हवा किलोत मोजायची आपल्याला सवय नसते म्हणून लिटरमध्ये सांगतो: जवळजवळ १२,००० लिटर, दर मिनिटाला. शांत बसलेला माणूस मिनिटाला आठेक लिटर हवा आत घेतो. म्हणजे हे एक इंजिन पूर्ण जोरात असताना दीड हजार माणसांएवढा श्वास घेतं. आणि तो कुठल्या हवेत घेतं, हे तुमसरला फार महत्त्वाचं आहे. त्याकडे येतोच.

ही सगळी हवा एकामागोमाग एक लावलेल्या भागांतून जाते: फिल्टर, पाइप, टर्बो, इंटरकूलर, थ्रॉटल, मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह. यातला जो सर्वांत अरुंद गळा, तो सगळ्यांची मर्यादा ठरवतो. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे इंजिनिअरिंगची पोरं फॉर्म्युला स्टुडंटसाठी बनवतात त्या गाड्या. तिथे नियमच आहे की पेट्रोल इंजिनाला जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून गेली पाहिजे. तेवढ्या भोकात हवेचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत पोचला की त्यापुढे एक ग्रॅमसुद्धा जास्त जात नाही. हिशेब केला तर मिनिटाला साडेचार किलोच्या आसपास. म्हणजे शंभर घोड्यांच्या आतच खेळ संपला. प्लग सोन्याचा लावा, कॉइल कुठलीही लावा, हवा नाही तर ताकद नाही.

आता आमचं प्रोफायलिंग. यात खरा हिरो निघाला काका. काकांनी आयुष्यभर अशोक लेलँडच्या गडेगावच्या कारखान्यात काम केलं, गिअरबॉक्सवर. ट्रकच्या एअर फिल्टरवर एक छोटी खिडकी असते, फिल्टर तुंबला की ती लाल होते. इंजिनाला श्वास ओढायला किती जोर लावावा लागतोय ते ती दाखवते. डिझेल ट्रकमध्ये साधारण ५-६ किलोपास्कलला ती लाल होते. आमच्या गाडीत अशी काही खिडकी नाही. काका म्हणाले, "कायले पायजे खिडकी? नळी आन."

मग दोन मीटर पारदर्शक नळी आणली, यू आकारात एका फळीवर बांधली, तिच्यात कुंकवाचं पाणी भरलं (रंग दिसावा म्हणून) आणि एक टोक फिल्टरच्या पुढे, स्वच्छ हवेच्या बाजूला जोडलं. दुसरं टोक मोकळं. इंजिन जेवढं जोरात ओढेल तेवढं पाणी एका बाजूला चढणार. १०० मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक किलोपास्कल. काका फळी धरून पुढच्या सीटवर, मी मागे लॅपटॉप आणि गाडीच्या ओबीडी पोर्टला लावलेला अ‍ॅडॉप्टर घेऊन, भाऊ स्टिअरिंगवर. लाखनीच्या अलीकडे चौपदरी रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, २००० पासून ६००० आरपीएमपर्यंत. दुसरा गिअर अशासाठी की ६००० ला पोचूनही वेग शंभरच्या आतच राहतो. चाचणी घेतोय, आत्महत्या नाही.

पाणी चढलं ३१० मिलिमीटर. म्हणजे तीन किलोपास्कल. "ट्रकवाला आत्ताच बदलनार नाही, पन याद ठेवेल," काका म्हणाले.

मग फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर उलटा करून वर्तमानपत्रावर आपटला तर चमचाभर काळी भुकटी पडली आणि तळाशी चक्क धानाची तुसं होती! तुमसरच्या हवेत काय असतं ते मला तिथे नीट कळलं. उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये तूस जाळून वाफ करतात. तूस जळलं की त्याचा पाचवा हिस्सा राख म्हणून उरतो आणि ती राख बहुतांशी सिलिका असते. वाळूचं चुलत भावंडच. शिवाय तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी, त्यांचे ट्रक. दीड हजार माणसांचा श्वास या हवेतून ओढायचा आणि सिलिंडरची भिंत मात्र आरशासारखी ठेवायची, हे काम फिल्टरचं.

म्हणून फिल्टर निवडताना तीन आकडे विचारायचे: हवा किती सोडतो, धूळ किती पकडतो, आणि तुंबेपर्यंत किती धूळ पोटात ठेवतो. दुकानदार पहिलाच सांगतात. दुसऱ्यात फसगत असते. समजा एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ पकडतो आणि दुसरा ९८. वाटतं, दीडच टक्क्याचा फरक! पण इंजिनाच्या बाजूने मोजा. पहिल्यातून अर्धा टक्का आत जाते, दुसऱ्यातून दोन टक्के. चौपट! पुण्यात कोरेगाव पार्कात फिरणाऱ्या गाडीला ते कदाचित चालून जाईल. मिलच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीला नाही. तेल लावलेले कापडी फिल्टर धुवून परत वापरता येतात हे खरं, पण तेल जास्त झालं तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा मॅफ सेन्सर असतो त्याच्या तारेवर ते बसतं आणि तो भलतेच आकडे सांगायला लागतो.

आम्ही कंपनीचाच नवीन कागदी फिल्टर आणला, १,४०० रुपये. पुन्हा तोच रस्ता, तोच गिअर. पाणी चढलं १७० मिलिमीटर. म्हणजे ३८ हजारांच्या पाइपने जे करायचं होतं त्यातलं जवळजवळ निम्मं काम १,४०० मध्ये झालं. आता उरलेल्या १७० मिलिमीटरपैकी उघडा कोन किती वाचवेल? अगदी सगळे वाचवले तरी वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्क्यांहून कमी.

आणि तो वाचवेल त्याहून जास्त घालवेल. का? उन्हामुळे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला जातो. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सहा टक्के हलकी. बॉनेटखाली उघडा ठेवलेला कोन बाहेरची नाही, इंजिनाच्या शेजारची हवा ओढतो. ती ६५ अंशांची धरली तरी बारा टक्के हलकी. कंपनीचा डबा दिसायला गबाळा असतो, पण त्याचं तोंड समोरच्या जाळीजवळ असतं. तो ताजी हवा ओढतो. यादीत "कोल्ड एअर इंटेक" असं लिहिलं होतं. नुसतं नाव कोल्ड ठेवून हवा थंड होत नाही. कोन लावायचाच असेल तर तो बंद डब्यात आणि बाहेरच्या हवेच्या वाटेवर असला पाहिजे.

उन्हाचा दुसरा परिणाम लॉगमध्ये दिसला. दुपारी बाहेर ४२ अंश असताना मॅनिफोल्डच्या हवेचं तापमान ४७ वरून ५४ ला गेलं आणि तिसऱ्या सिलिंडरचं इग्निशन टायमिंग ईसीयूने तीन अंश मागे घेतलं. याचा अर्थ नॉक. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेटू पाहत होतं. नॉक वाढत गेला तर पिस्टनला भोक पडतं, आणि मग सॉर्टेक्सचा हप्ता पण जातो आणि गाडी पण. आता हे प्लगमुळे की उष्णतेमुळे? दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला परत गेलो. बाहेर २७ अंश. तीच गाडी, तेच पेट्रोल, तेच प्लग. टायमिंग जवळजवळ मागे आलंच नाही. म्हणजे गुन्हेगार ऊन. या गाडीला पुढे कधी पैसे लावायचेच झाले तर पहिला मान मोठ्या इंटरकूलरचा. आणि गंमत म्हणजे दीड लाखाच्या यादीत तोच नव्हता!

थ्रॉटल बॉडीचं उत्तर तर बसल्या बसल्या मिळालं. टर्बो गाडीत थ्रॉटलच्या आधी आणि नंतर असे दोन दाब मोजणारे सेन्सर असतात. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर दोघांत फरक २० मिलिबारच्या आत, आणि एकूण दाब २००० च्या घरात. एक टक्का. ३४ हजार वाचले.

आता इग्निशन. इथे गैरसमज जरा जास्त आहेत.

ठिणगीने ताकद येत नाही. ठिणगी पडली की मिश्रण पेटतं, नाही पडली की नाही पेटत. जोरात ठिणगी म्हणजे जोरात इंजिन असं काही नसतं. मग जास्त ताकदीच्या इंजिनाला वेगळं इग्निशन का लागतं? कारण दाब. टर्बोचा बूस्ट वाढवला की ठिणगी पडायच्या क्षणी सिलिंडरमध्ये जास्त दाटीवाटी असते आणि त्या दाटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइलला ते झेपलं नाही तर ऐन जोरात असताना इंजिन ठेचकाळतं. याला मिसफायर म्हणतात आणि ईसीयू तो मोजतो, सिलिंडरवार. आमच्या लॉगमध्ये चारही सिलिंडरला शून्य. म्हणजे आहेत त्या कॉइल पुरे आहेत. २६ हजार वाचले. पुढे बूस्ट वाढवल्यावर मिसफायर दिसलाच तर पहिला उपाय फुकटातला आहे: प्लगची गॅप कमी करणं. ०.७-०.८ मिलिमीटर असेल ती ०.६-०.६५ च्या आसपास. उडी छोटी केली की व्होल्टेज कमी लागतं. तेवढ्याने भागलं नाही तर कॉइल.

प्लग निवडताना धातूपेक्षा हीट रेंज महत्त्वाची. प्लगच्या टोकाला येणारी उष्णता तो किती वेगाने हेडमध्ये सोडतो, ती ही रेंज. टोक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर असलं तर त्यावरची काजळी आपोआप जळते. पण साडेआठशे-नऊशेच्या पुढे गेलं तर ते निखाऱ्यासारखं होतं आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतं. गरम प्लग, थंड प्लग म्हणतात ते हेच. प्लग कंपन्यांचाच ढोबळ नियम आहे की ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढवले की एक पायरी थंड प्लग घ्यायचा. काहीच न वाढवता थंड प्लग लावला तर गावातल्या गावात फिरताना तो काळा पडेल.

आणि इथे एक खड्डा आहे, नीट लक्षात ठेवा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जेवढा मोठा तेवढा प्लग थंड. बॉशमध्ये नेमकं उलटं, आकडा लहान तो थंड. (आपल्याकडे जुने मेकॅनिक ज्याला मायको प्लग म्हणतात तो बॉशच. २००८ साली कंपनीचं नावच बॉश झालं.) काउंटरवर "याच्यापेक्षा एक नंबर वरचा द्या" म्हणाल तर एका कंपनीचा थंड मिळेल आणि दुसरीचा गरम. जास्त बूस्टच्या इंजिनात चुकून गरम प्लग बसला तर तो पिस्टनच्या जिवावर उठू शकतो.

इरिडियमचं काय? चांगला धातू. २,४४६ अंशांना वितळतो, निकेल १,४५५ ला. त्यामुळे टोक बारीक ठेवता येतं, ठिणगीला कमी व्होल्टेज लागतं आणि प्लग पुष्कळ टिकतो. पैसे टिकण्याचे आहेत, घोड्यांचे नाहीत.

हे सगळं झाल्यावर काकांनी एकच प्रश्न विचारला. "घोडे वाढवाल रे, पन ओझं कोनाच्या पाठीवर?" गिअरबॉक्समध्ये आयुष्य घालवलेला माणूस हेच विचारणार. आणि प्रश्न बरोबर होता. या गाडीच्या सहा गिअरच्या डीएसजीची अधिकृत क्षमता ३५० न्यूटन-मीटर, आणि इंजिनाचा टॉर्क आत्ताच ३५०. लोक याच्यावर जातात, पुष्कळदा निभावतंही, पण तो अभियंत्यांनी ठेवलेला राखीव साठा आपण खातोय हे माहीत असावं. शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा अर्थ असा की नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला हीच जागा सापडते. ट्रॅकवर न्यायची गाडी असेल तर गोष्ट वेगळी. पण खरे ट्रॅक कोइम्बतूर, चेन्नई आणि ग्रेटर नोएडाला. तुमसरहून तिघेही सारखेच लांब :-)

शेवटी काय घेतलं? फिल्टर १,४०० चा. मूळ हीट रेंजचेच नवे प्लग, कारण जुने झिजले होते, ६,००० चा संच. नळी, फळी आणि कुंकू घरचं. ७,४०० रुपये. बाकी पैसे सॉर्टेक्सला गेले.

भाऊ खूश झाला का? अर्धाच. सगळे आकडे बघून झाल्यावर तो म्हणाला, "ते सगळं बरोबर आहे दादा, पन आवाज?" उघड्या फिल्टरने टर्बोचा जो सुस्कारा ऐकू येतो ना, तो त्याला हवा होता. त्या यादीतल्या निम्म्या वस्तू मुळात तेवढ्यासाठीच विकल्या जातात. मी म्हटलं, आवाज हवा असेल तर आवाजाचे पैसे दे, त्यात वाईट काही नाही, फक्त ते घोड्यांच्या खात्यात लिहू नकोस. तो म्हणाला, विचार करतो. ३०० चं स्वप्नही त्याने सोडलेलं नाही, आणि सोडावं असं मीही म्हणालो नाही. ते करायचं ठरलं तर आता क्रम माहीत आहे: आधी इंटरकूलर, मग सॉफ्टवेअर, त्याबरोबर एक पायरी थंड प्लग आणि कमी गॅप, मग पुन्हा लॉग, आणि लॉगने मागितलं तरच कॉइल.

तुमच्यापैकी कोणी अशी यादी हातात घेऊन बसलं असेल तर दुकानदाराला प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारा: माझ्या गाडीत आत्ता हे कमी पडतंय, हे कशावरून? आकडा दाखवला तर ऐका. खोकं दाखवलं तर चहा पिऊन परत या.